सगळं विरघळवणारं रसायन ठेवायचं कशात?

शाळेत असताना हे कोडं आम्ही एकमेकांना घालायचो. एका शास्त्रज्ञानं असं रसायन शोधलं की ज्यात जगातली कुठलीही वस्तू विरघळते. मग त्यानं ते ठेवलं कशात? उत्तर नव्हतंच, त्यामुळे कोडं घालणाराच नेहमी जिंकायचा.

या कोड्याच्या बऱ्यापैकी जवळ जाणारं एक रसायन खरोखर आहे. त्याचं नाव सेलेनियम ऑक्सिक्लोराइड. एरवी कशालाच दाद न देणारं पक्कं रबर त्यात विरघळतं. स्विचची जुनी काळी बटणं ज्याची असायची ते बेकेलाइट विरघळतं. डिंक, राळ, सरस, डांबर, वाळलेला रंग, वार्निश हेही विरघळतात. पाण्यात गंधक ढवळून हात दुखले तरी ते तसंच तरंगतं, या द्रवात मात्र ते निमूट विरघळतं. काचेवर तेवढा त्याचा इलाज चालत नाही. म्हणजे कोड्याला उत्तर आहे: काचेच्या बाटलीत ठेवायचं आणि बूचही काचेचंच लावायचं. रबराचं लावलं तर काही दिवसांनी ते बुचाच्या जागी नसून बाटलीच्या आत, पातळ होऊन पडलेलं सापडेल.

इतकं जबरदस्त विद्रावक हाती असताना ते बाजारात का मिळत नाही? घराचा रंग खरवडायला रंगारी ते का वापरत नाहीत? याचं उत्तर सेलेनियमच्या स्वभावात आहे, म्हणून आधी त्याची ओळख करून घेऊ.

स्वीडनमध्ये ग्रिप्सहोमला गंधकाम्लाचा एक कारखाना होता आणि रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस त्यात भागीदार होते. तिथं फालूनच्या खाणीतलं गंधकयुक्त खनिज जाळलं की शिशाच्या खोल्यांच्या तळाशी तांबूस गाळ साचायचा. तो जाळला तर मुळ्यासारखा उग्र वास यायचा. बर्झेलियस आणि त्यांचे सहकारी गान यांना आधी ते टेल्युरियम वाटलं. 1817 मध्ये लक्षात आलं की हे वेगळंच मूलद्रव्य आहे. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून पडलेलं, म्हणून त्याच्या या भावंडाला ग्रीक चंद्रदेवता सेलीनीचं नाव मिळालं.

आवर्तसारणीत ऑक्सिजन, गंधक, सेलेनियम, टेल्युरियम एकाखाली एक बसतात. एका घरातली मंडळी म्हणून चेहरेपट्टी सारखी, पण जसजसं खाली जावं तसतसा अणू मोठा होतो आणि वागणं बदलतं. पुढे सेलेनियमचं जे जे दिसेल ते गंधकाशेजारी ठेवून पाहा, विषय निम्मा सोपा होतो.

सेलेनियम आपल्याला अनोळखी नाही. जुन्या झेरॉक्स यंत्रातल्या चकचकीत ड्रमवर सेलेनियमचा थर असायचा, कारण उजेड पडला की त्यातून वीज सहज वाहते. काचेतली हिरवट झाक घालवायला ते वापरतात. कोंड्यासाठी डॉक्टर जो पिवळसर शांपू लिहून देतात, त्यात सेलेनियम सल्फाइड असतं. आणि ते आपल्या शरीरालाही लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला 55 मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे बारीक मिठाच्या जेमतेम एका कणाच्या वजनाइतकं. रोजची वरची मर्यादा 400 मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे सात कण. एक कण हवा आणि सातांच्या वर नको, इतकी अरुंद वाट फार थोड्या पोषकद्रव्यांची असते.

ही वाट चुकली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं नुकतंच पाहिलंय. 2024 च्या डिसेंबरअखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यात शेगावकडच्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस गळायला लागले. हात फिरवला की मुठीत केस, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बातम्यांत 'टक्कल व्हायरस' हा शब्द गाजला. विषाणूचा त्यात संबंध नव्हता. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेलं निघालं आणि त्यांनी रेशनवर मिळालेल्या, उत्तरेकडून आलेल्या गव्हाकडे बोट दाखवलं. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे, हे शेतीशास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं.

गव्हातून मायक्रोग्रॅमनं जाणाऱ्या सेलेनियमनं एवढं होतं. आता हेच सेलेनियम क्लोरिनशी किंवा फ्लोरिनशी जोडलं तर?

फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन या चौघांना हॅलोजन म्हणतात आणि त्यांच्याशी जुळून झालेल्या संयुगांना हॅलाइड. खाण्याचं मीठ हे सगळ्यांत साधं हॅलाइड. सेलेनियमवरून क्लोरिन वायू सोडला की आधी तांबूस-तपकिरी तेलकट द्रव होतो. क्लोरिन सोडत राहिलं तर त्याचे पांढरट-पिवळे स्फटिक होतात, ते सेलेनियम टेट्राक्लोराइड. ते न वितळता थेट वाफ होऊन उडतं, कापरासारखं. हा गुण कामाचा ठरला, कारण अशुद्ध सेलेनियमचं टेट्राक्लोराइड करून उडवलं की कचरा मागे राहतो. आयोडिनशी मात्र सेलेनियमचं नीट जमत नाही, त्यामुळे तिकडे सांगण्यासारखं फारसं नाही.

फ्लोरिनचं प्रकरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे. वीज उपकेंद्रात काम करणाऱ्या कुणालाही 'एसएफ-सिक्स' विचारा. तो गंधक आणि फ्लोरिनचा वायू. ठिणगी विझवायला तो ब्रेकरमध्ये भरतात. पर्यावरणाला तो वाईट आहे, पण शरीरात तो काहीच करत नाही. विज्ञानाच्या कार्यक्रमांत तो थोडासा ओढून लोक घोगऱ्या आवाजात बोलून दाखवतात. आता त्यातला गंधकाचा अणू काढून सेलेनियमचा बसवा. बाकी सगळं तेच, सहा फ्लोरिन, तीच आठ बाजूंची रचना. हा झाला सेलेनियम हेक्झाफ्लोराइड, आणि हा जहाल विषारी आहे. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे कामाच्या जागी त्याची मर्यादा दोन कोटी भाग हवेत 1 भाग इतकी कडक आहे.

एका अणूनं एवढा फरक का पडावा? गंधकाचा अणू लहान, त्यामुळे सहा फ्लोरिन त्याच्याभोवती खेटून बसतात. सकाळच्या विरार लोकलच्या दारात जसं आत शिरायला फट नसते, तसं पाण्याच्या रेणूला गंधकापर्यंत पोचताच येत नाही. सेलेनियम थोडं मोठं. तेच सहा फ्लोरिन आता जरा सैल बसतात, फटी राहतात आणि फुप्फुसातला ओलावा हळूहळू आत शिरतो. मग हायड्रोफ्लोरिक आम्लही सुटतं आणि सेलेनियमही.

म्हणजे पाणी सेलेनियमपर्यंत पोचतं की नाही, यावर सगळं ठरतं. ऑक्सिक्लोराइडमध्ये तर दार सताड उघडं आहे. सेलेनियमच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात. दोन ऑक्सिजनशी बांधलेले, एकेक दोन क्लोरिनशी, आणि दोन एका कोपऱ्यात जोडीनं मोकळे. ऑक्सिजन आणि क्लोरिन दोघेही हावरे, इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात. मधलं सेलेनियम उपाशी राहतं आणि तिन्ही बाजूंनी झाकलेलंही नसतं. पाण्यातला ऑक्सिजन समोर आला की ते त्याला धरतं आणि दोन्ही क्लोरिन सोडून देतं. ते पाण्यातल्या हायड्रोजनला घेऊन बाहेर पडतात, म्हणजेच हायड्रोक्लोरिक आम्ल. मागे उरतं ते सेलेनियस आम्ल.

हे कसं दिसत असेल याची कल्पना मला त्याच्या गंधकवाल्या भावावरून आहे. त्याचं नाव थायोनिल क्लोराइड. औषधं आणि रंग बनवणाऱ्या कारखान्यांत ते पिंपांनी वापरतात. जुलैत, बाहेर धो धो पाऊस आणि प्रयोगशाळेच्या भिंतींना ओल आलेली असताना त्याची बाटली उघडली की तोंडाशी पांढरा धूर लोळायला लागतो. एक्झॉस्टच्या कपाटात हात घालूनच काम करायचं, तरी नाकात झिणझिण्या येतातच. बूच लावायला अर्धा मिनिट उशीर झाला तर शेजारच्या अमोनियाच्या बाटलीवर पांढरी भुकटी बसलेली दिसते. मार्चमध्ये तीच बाटली बरीच शांत वागते. सेलेनियम ऑक्सिक्लोराइडही दमट हवेत असंच धुमसतं.

दिसायला ते बिनरंगी किंवा फिकट पिवळं. उकळतं 177 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि गोठतं साधारण 10 अंशांना. मुंबईत ते बाराही महिने द्रव राहील, पण निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे बाटलीत दगड होऊन बसेल. आणि ते जड आहे. एक लिटर दुधाच्या पिशवीएवढी बाटली उचलायला गेलात तर हाताला जवळपास अडीच किलो लागतील.

हा जडपणा लक्षात ठेवून एक हिशोब करू. एक थेंब म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. त्याचं वजन सुमारे 120 मिलिग्रॅम, आणि त्यात निम्म्याला जरा कमी सेलेनियम, म्हणजे 57 मिलिग्रॅम. रोजची गरज 55 मायक्रोग्रॅम होती. एका थेंबात हजार दिवसांचं सेलेनियम झालं! शिवाय हा थेंब कातडीवर नुसता बसत नाही. कातडीतल्या ओलाव्याशी लागून तो आम्ल तयार करतो, खोल भाजतो आणि त्या भाजलेल्या जागेतूनच सेलेनियम रक्तात शिरतं. सशांच्या कातडीवर अगदी थोडं लावून केलेल्या जुन्या प्रयोगांत ते ससे मेले. नुसत्या आम्लानं भाजलं तर जखमेची काळजी घ्यायची असते, इथं जखम हे विष शिरण्याचं दार ठरतं. म्हणून अंगावर पडलं तर लगेच, भरपूर वाहत्या पाण्यानं धुवत राहणं आणि डॉक्टर गाठणं हेच. 'पाण्याशी तर त्याचं वाजतं ना?' ही शंका बरोबर आहे. चमचाभर पाण्यानं काम बिघडतं. नळाखालच्या धारेत मात्र होणारं आम्ल आणि उष्णता दोन्ही वाहून जातात.

सेलेनियम जास्त झालेल्या माणसाच्या श्वासाला लसणाचा वास येतो. शरीर नको असलेलं सेलेनियम उडून जाणाऱ्या संयुगात बदलून फुप्फुसांवाटे बाहेर टाकतं, त्याचा तो वास. लसूण न खाता तोंडाला लसूण, हे सेलेनियमच्या कारखान्यांतल्या डॉक्टरांचं जुनं निदान.

मागे उरणाऱ्या सेलेनियस आम्लाचं एक रूप मला फार आवडतं. परीक्षानळीत त्याचं पातळ द्रावण घ्या, पाण्यासारखं स्वच्छ. त्यात क जीवनसत्त्वाचं द्रावण थेंबथेंब सोडा. आधी काहीच होत नाही. मग तळाकडून फिकट नारिंगी ढग उठतो, गडद होत जातो आणि बघता बघता नळी विटेसारखी लाल होते. ते सुटं झालेलं सेलेनियम. बर्झेलियसना शिशाच्या खोल्यांत दिसलेला तांबूस रंग हाच. (हे घरी करायचं नाही, सेलेनियस आम्लही विषारीच.)

आता या द्रवाचा उपयोग शोधणाऱ्या माणसाकडे वळू. तांबं विजेच्या साहाय्यानं शुद्ध करतात तेव्हा टाकीच्या तळाशी काळपट गाळ जमतो. त्यात चांदी-सोन्याबरोबर सेलेनियमही असतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत तांबं भरपूर शुद्ध व्हायचं, आणि सोबत मिळणाऱ्या सेलेनियमचं करायचं काय हा प्रश्न होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातले व्हिक्टर लेन्हर त्यामागे लागले. 1920-21 च्या सुमारास त्यांनी ऑक्सिक्लोराइडचे गुण तपशिलानं मांडले. रबर-बेकेलाइटची यादी त्यांच्याच कामातली. त्यांना आणखी एक गंमत दिसली. बेंझिन, टोल्युइन यांसारखी तेलं या द्रवात सहज मिसळतात, पण मेणाच्या जातीची खनिज तेलं मिसळत नाहीत. म्हणजे तेलांचं मिश्रण वेगळं करायची एक वाट झाली. रंग आणि वार्निश काढायलाही ते वापरता येईल असं त्यांनी सुचवलं.

लेन्हर यांची चिकाटी मला मान्य आहे, पण हा उपयोग वाचताना हसू येतं. रंग उतरवण्यासाठी रंगाऱ्याच्या हातात असं काही द्यायचं, ज्याचा एक थेंब त्याची कातडी उतरवेल! अर्थात त्या वेळी कामगाराच्या हातांचा विचार आजच्यासारखा होत नव्हता. हा उपयोग काही रुजला नाही.

ते सगळं विरघळवतं कसं, हा प्रश्न मात्र रसायनशास्त्रज्ञांनी सोडला नाही. त्याचं थोडक्यात उत्तर असं की या रेणूला दोन तोंडं आहेत. ऑक्सिजनचं टोक इलेक्ट्रॉन देऊ शकतं, सेलेनियमचं टोक घेऊ शकतं. समोरचा देणारा असो की घेणारा, याचं कुणाशीही जमतं. शिवाय विजेचे धन आणि ऋण भार एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची ताकद त्यात चांगली आहे. केरोसीनची ही ताकद 2 धरली तर याची 46 आणि पाण्याची 80. पाण्यात जशी आम्लं आणि आम्लारी असतात तशी इथंही आपली वेगळी असतात, फक्त त्यात हायड्रोजन औषधालाही नाही. पोटॅशियम क्लोराइड इथं आम्लारीसारखं वागतं, कथिलाचं क्लोराइड आम्लासारखं, आणि दोघांचं उदासिनीकरण मोजताही येतं. पोटॅशियम धातू मात्र त्यात टाकला तर स्फोट होतो. पांढऱ्या फॉस्फरसचंही तेच.

हायड्रोजन नसणं ही बाब 1960 च्या दशकात एकदम महत्त्वाची ठरली. लेझर नुकताच निघाला होता. निओडिमियम नावाच्या धातूचे अणू काचेच्या कांडीत मिसळून त्यांना झगझगीत दिव्यानं पेटवलं की अवरक्त लेझर मिळायचा. पण कांडी तापायची आणि तडकायची. काचेऐवजी द्रव वापरला तर तो फिरवून गार ठेवता येईल, आणि द्रव तर तडकत नाही. अडचण एकच होती. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये निओडिमियमला पेटवलं तर तो उजेड देण्याआधीच विझायचा.

भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरण्यासारखं ते होतं. हायड्रोजन हा सगळ्यांत हलका अणू, त्याचे बंध अतिशय वेगानं थरथरतात आणि निओडिमियमनं साठवलेली ऊर्जा एकदोन घोटांत पिऊन तिची उष्णता करतात. हायड्रोजन नसलेला, जड अणूंचा, तरीही धातूचे क्षार विरघळवणारा द्रव हवा होता. अॅडम हेलर हे अमेरिकेत जीटीई कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी सेलेनियम ऑक्सिक्लोराइड निवडलं, त्यात कथिलाचं क्लोराइड घालून निओडिमियम विरघळवलं, आणि 1966 मध्ये साध्या खोलीच्या तापमानाला चालणारा द्रवाचा लेझर जगासमोर ठेवला. ज्याला चार दशकं काम मिळत नव्हतं, त्याला अखेर असं काम मिळालं की जे त्या वेळी दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. नोकरी फार दिवस टिकली नाही. लवकरच त्या जागी कमी विषारी फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड आलं.

आज हे रसायन संशोधनापुरतं, लहान बाटल्यांत मिळतं. वाहतुकीत त्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक 2879, वर्ग दाहक आणि जोडीला विषारी. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर अमेरिकेनं 1986 मध्ये कायदा केला. आपल्या शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय हे जाणून घेण्याचा हक्क त्यामुळे लोकांना मिळाला. त्या कायद्यातल्या अतिधोकादायक पदार्थांच्या यादीत भोपाळच्या मिथाइल आयसोसायनेटबरोबर सेलेनियम ऑक्सिक्लोराइडही आहे.

हेलर मात्र या जातीच्या द्रवांना विसरले नाहीत. 1973 मध्ये त्यांनी आणि जेम्स ऑबर्न यांनी सेलेनियमचा गंधकवाला भाऊ घेतला, तेच पावसाळ्यात धुमसणारं थायोनिल क्लोराइड, आणि त्यात लिथियम धातू ठेवून विजेचा सेल चालू शकतो हे दाखवलं. खरं तर लिथियम त्यात पडताच भडकायला हवं. पण धातूवर क्षणात मिठाच्या जातीचा पातळ थर चढतो आणि पुढची झटापट थांबवतो. वीज मागितली की थर वाट देतो, नाही मागितली तर सेल वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. त्यामुळे दहा-पंधरा वर्षं कुणी हात लावायचा नाही अशा ठिकाणी तो बसवतात, वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरमध्ये. तुमच्या जिन्याखालच्या मीटरमध्येही कदाचित असेल. 3.6 व्होल्टचा, पेन्सिल सेलसारखा दिसणारा, चोहोबाजूंनी वेल्डिंगनं बंद केलेला. त्यावर चार्ज करू नका, उघडू नका, जाळू नका असं छापलेलं असतं, आणि ते वाचून सोडून द्यायचं नसतं.